चुकून हात लागला असावा

३ जून

मामा,

साष्टांग नमस्कार घालावा अशी एकही फरशी या ऑफिसात नाही, म्हणून उभ्याउभ्याच नमस्कार. फोनच्या रिसिव्हरला दुसऱ्यांची थुंकी लागलेली असते म्हणून तू फोन घेत नाहीस, आणि निवृत्त झाल्यापासून घरात संगणक ठेवत नाहीस. तेव्हा टपालाशिवाय इलाज नाही. पाकीट जिभेने नाही, पाण्याने चिकटवलंय. निर्धास्तपणे उघड.

ज्या रक्तपेढीत तू सत्तावीस वर्षं सर्व्हर सांभाळलास, तिथे मला चिकटवून दिलंस त्याला तीन वर्षं झाली. हजेरीच्या वहीत माझ्या नावापुढे अजून ‘तात्पुरती’ असंच लिहितात. या जागेची मला आता शिसारी आलीये. कीबोर्ड उलटा केला तर त्यातून बिस्किटांचा चुरा पडतो, तोही माझ्या आधीच्या माणसाने खाल्लेल्यांचा. हात धुवायच्या बेसिनमध्ये चहाचा चोथा साठलेला असतो. मोठे साहेब पेनाच्या टोपणाने कान कोरतात आणि तेच पेन आपल्याला सहीला देतात. तू इथे टिकलास कसा? लोक तुला मागून ‘फिनाईल’ म्हणायचे ते मला इथे आल्यावर कळलं, आणि मला तुझा अभिमान वाटला.

आता अडचण सांगते. सोमवारची यादी तुला माहीत आहे. आपल्याकडच्या सगळ्या रक्तदात्यांमधून कोणाला पुन्हा बोलवायची वेळ झाली, कोणाचा गट कमी पडतोय, हे गटागटाने लावून द्यायचं. यादी काढणारी ती क्वेरी पंचवीस मिनिटं चालते. गेले पाच सोमवार ती अर्ध्यात मरते आणि पडद्यावर येतं, ‘तात्पुरती फाइल सापडत नाही.’ तू मला शिकवलंस तसंच आहे ते: डेटाबेसला एवढी मोठी यादी एकदम डोक्यात धरता येत नाही, मग तो अर्धवट लावलेले गठ्ठे टेम्प फोल्डरमध्ये टेकवून ठेवतो आणि पुढच्या गठ्ठ्यांना लागतो. शेवटी पहिला गठ्ठा उचलायला येतो, तर तो जागेवर नाही. लहान क्वेरी बिनबोभाट चालतात. मोठीच तेवढी मरते.

मी साहेबांना रिपोर्ट दिला आणि त्यात मूर्खासारखा शब्द वापरला, ‘फाइल गहाळ’. साहेबांची उभी हयात दोरीने बांधलेल्या कागदी फायलींत गेलेली. ते ताडकन उठले. “गहाळ? कोणाच्या ताब्यात होती?” मी म्हटलं, ती कोणाच्या ताब्यात नसते, यंत्र आपली आपण करतं आणि आपली आपण पुसतं. तीनदा सांगितलं. त्यांनी शांतपणे कान कोरला आणि म्हणाले, “तात्पुरती फाइल तात्पुरत्या कर्मचाऱ्याच्याच ताब्यात असणार ना?” हसू नकोस. त्याची लेखी नोटीस आलीये. ८ जुलैला चौकशी आहे. ठपका आला तर मला काढतील, आणि रक्ताच्या नोंदी पुसणारी बाई म्हणून कुठलंही हॉस्पिटल मला दारात उभं करणार नाही.

वर साहेब म्हणाले, “तुमच्या वडिलांच्या वेळीही असंच झालं होतं. रक्तातच असतं.” रक्तपेढीत बसून!

बाबांना यातलं काही सांगितलं नाही. बावीस वर्षांपूर्वी याच ऑफिसातून, याच ‘गहाळ’ शब्दावरून काढून टाकल्यावर ते घरी आले, आणि तेव्हापासून कोणाच्या घरी गेले की हात मांडीखाली दाबून बसतात. दिव्याचं बटणसुद्धा दुसऱ्याला दाबायला सांगतात. तूच त्यांना तिथे लावलं होतंस आणि त्यांच्यासाठी तू किती धावपळ केलीस ते आई नेहमी सांगायची. तशी थोडी माझ्यासाठी कर. घरात दहा मिनिटं कोणी हातात न धरलेली वस्तू म्हणजे कचरा, असा नियम करून आजोबांची कवळी फेकणारा माणूस तू. टेम्पमधला हा घोळ तुझ्याशिवाय कोण निस्तरणार?

तुझी,
ठमी

*

९ जून

ठमे,

आशीर्वाद. तुझ्या पत्रावर दुसऱ्या पानाच्या कोपऱ्यात चहाच्या कपाचं वर्तुळ आहे. पत्र मी चिमट्याने धरून वाचलं.

कवळीचं कितीदा काढणार? वाटीत पाणी, पाण्यात दात, आणि ती वाटी जेवणाच्या टेबलावर. कोणीही फेकली असती.

आता कामाचं. डिस्क भरली आहे का ते आधी पाहा. जागा असली तरी फायलींची संख्या संपू शकते, तीही पाहा. डेटाबेसला टेम्पमध्ये लिहायची परवानगी आहे ना, ते तपास. आणि टेम्पमध्ये लोकांनी काय काय कोंबलंय ते बघ. माझ्या वेळी तिथे लग्नाचे फोटो, गाणी, एका डॉक्टरांची अख्खी कादंबरी सापडली होती. टेम्प म्हणजे सार्वजनिक उकिरडा अशी लोकांची समजूत असते. मला त्या फोल्डरचं नाव काढलं तरी मळमळतं.

एक विचारायचं होतं. अलीकडे डेटाबेसची आवृत्ती बदलली का? बदलली असली तर फार खोलात जाऊ नकोस. डेटाबेसच्या सेटिंगमध्ये तात्पुरत्या फायलींचा रस्ता लिहिलेला असतो, तो बदलून त्याला वेगळा, फक्त त्याच्याच वापराचा फोल्डर करून दे आणि डेटाबेस पुन्हा सुरू कर. यादी निघेल. यादी निघाली की साहेब गप्प बसतील. का झालं, कसं झालं, याच्या मागे लागून तुला कोणी पदक देणार नाही.

भाऊजींना सांगितलं नाहीस ते बरं केलंस. सांगूही नकोस.

मामा

*

१४ जून

मामा,

हे पत्र कोऱ्या कागदावर, धुतलेल्या हाताने लिहितेय.

तुझं ऐकलं. डिस्क अर्धी रिकामी होती. फायलींची संख्या ठीक, परवानग्या ठीक. आणि उकिरड्याचं म्हणशील तर मामा, टेम्प फोल्डर उघडला आणि मी थक्क झाले. लखलखीत! एक जुनी फाइल नाही, एक फोटो नाही. या अख्ख्या इमारतीत स्वच्छ अशी ती एकच जागा. मला क्षणभर तिथेच राहायला जावंसं वाटलं.

आवृत्ती बदलली हो, एप्रिलअखेर. तुला कसं सुचलं? मग रस्ता बदलला, नवा फोल्डर दिला, सोमवारची यादी चोवीस मिनिटांत निघाली. टेलिफोनवर बसणाऱ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी धावत साहेबांकडे गेले. साहेबांनी यादी पाहिली, मला पाहिलं, आणि दुसऱ्या कानाला टोपण लावलं.

“म्हणजे फाइल परत आणून ठेवलीत.”

मी म्हटलं, साहेब, परत काय आणायचं, ती फाइल नव्हतीच कधी. ते म्हणाले, “नव्हती तर गहाळ कशी झाली? आणि चौकशी लागल्यावरच बरी मिळाली?” त्यांनी ते लिहूनही घेतलं. आता नोटिशीला पुरवणी जोडलीये: नोटीस मिळताच कर्मचाऱ्याने फाइल पूर्ववत केली, सबब फाइल तिच्याच ताब्यात होती. दुरुस्ती केली हाच माझ्यावरचा पुरावा! मला इतका वीट आलाय की डबा खाववत नाही. त्या माणसाने हात लावलेला कागद धरला की मी आता तुझ्यासारखे हात धुते, कोपरापर्यंत.

तेव्हा आता मला ‘का’ पाहिजे. रस्ता बदलून चाललं हे खरं, पण जुन्या जागेवरून फायली कोण उचलत होतं? ८ तारखेला मला कारण कागदावर द्यावं लागेल. तू म्हणालास खोलात जाऊ नकोस, पण मी आता गळ्यापर्यंत खोलात आहे. तू सत्तावीस वर्षं तिथे होतास. काहीतरी आठव ना रे.

ठमी

*

१९ जून

ठमे,

आठवण्यासारखं काही नाही. यंत्रं आहेत, बिघडतात.

मी पुष्कळ विचार केला. तुझ्या साहेबासारख्या माणसाशी वाद घालणं म्हणजे चिखलात उतरणं. तुझेच कपडे खराब होणार. तो काही क्वेरी समजून घेणार नाही. त्याला हवा आहे एक कागद, जो तो फायलीला लावू शकेल. तेवढा देऊन मोकळी हो. दोन ओळी पुरतील: ‘काम करताना माझा चुकून हात लागला असावा. पुन्हा असे होणार नाही.’ यात तू गुन्हा कबूल करत नाहीस, ‘असावा’ म्हणतेस. फार तर एखादी ताकीद मिळेल. काढलंच तर माझ्या ओळखीची एक प्रयोगशाळा आहे, अतिशय स्वच्छ. तिथे शब्द टाकेन.

जास्त उकरू नये. उकरलं की वास सुटतो.

मामा

*

२३ जून

महोदय,

तुम्हाला ‘तू’ म्हणवत नाहीये, म्हणून हा मायना.

‘चुकून हात लागला असावा’ हे वाक्य मी आधी वाचलेलं आहे. बाबांच्या कपाटात, आईच्या पातळांखाली त्यांच्या माफीपत्राची प्रत आहे. अक्षर त्यांचं आहे. वाक्य कोणाचं, ते तुमच्या पत्रामुळे आता कळलं. शब्दन् शब्द तेच आहेत, ‘पुन्हा असे होणार नाही’ धरून.

त्यानंतर मी उकरलं. जुन्या टेम्पमध्ये मी दोन रिकाम्या फायली ठेवल्या आणि घड्याळ लावून बसले. एकीला दर दोन मिनिटांनी हात लावला, दुसरीला लावला नाही. अकराव्या मिनिटाला पाहिलं तर दुसरी गेलेली. पुन्हा केलं, पुन्हा गेली. दहा मिनिटं कोणी हातात न धरलेली वस्तू म्हणजे कचरा. मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही.

मग सर्व्हरवर ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची यादी काढली. सगळ्यात तळाशी एक जुनी स्क्रिप्ट होती. नाव ‘झाडू’. लिहिणाऱ्याचं नाव तुमचं. दर मिनिटाला टेम्पमधून फिरायचं आणि दहा मिनिटं कोणी न हलवलेलं सगळं पुसायचं. सोमवारच्या यादीचा पहिला गठ्ठा असाच जायचा, कारण डेटाबेस तेव्हा पुढच्या गठ्ठ्यांत गुंतलेला असायचा.

तुम्ही प्रत्येक बदलाखाली तारीख आणि कारण लिहिता. मलाही तुम्हीच ती सवय लावलीत. तेव्हा तिसऱ्या ओळीखाली काय लिहिलंय ते तुम्हाला पाठ असेल. तरी उतरवते:

‘१९ नोव्हेंबर. अमुक अक्षरांनी सुरू होणाऱ्या फायली वगळल्या. कारण: चालू क्वेरीच्या फायली झाडूत जात होत्या.’

बाबांना काढलं ते १० नोव्हेंबरला. नऊ दिवसांनी तुम्हाला कळलं, तुम्ही ओळ घातलीत, फायली जायच्या थांबल्या. आणि सगळे म्हणाले, माणूस गेला आणि फायली जायच्या थांबल्या, आणखी पुरावा कसला हवा? एप्रिलमध्ये आवृत्ती बदलली, नव्या आवृत्तीत त्या फायलींची नावं वेगळ्या अक्षरांनी सुरू होतात, आणि झाडू पुन्हा लागला. यावेळी मी सापडले. तुम्हाला माझ्या पहिल्याच पत्रात हे कळलं होतं. म्हणूनच तुम्ही आवृत्तीबद्दल विचारलंत.

फायलीत खरं लिहिलंत. खोटं बोलायला तुम्हाला फक्त माणसं मिळाली, आणि त्यातही आपलीच.

आई शेवटच्या आजारपणातही बाबांना विचारायची, “अहो, तुमचाच हात लागला असेल का हो चुकून?” बाबा म्हणायचे, “असेल.” तेव्हा तुम्ही पलंगाच्या पायथ्याशी बसलेले असायचात, पायाखाली वर्तमानपत्र पसरून.

मला तुमची किळस येते. त्या साहेबाच्या कानातल्या टोपणाचीसुद्धा इतकी आली नव्हती.

चौकशी ८ जुलैला, सकाळी अकरा वाजता आहे. झाडूच्या छापील प्रती मी काढून ठेवल्या आहेत. त्यावर तुमचं नाव मी वाचायचं की तुम्ही, ते तुम्ही ठरवा.

(सही)
तात्पुरती कर्मचारी

*

४ जुलै

ठमे,

अकरा दिवस गेले. या पत्राचे सहा मसुदे केले आणि प्रत्येकात स्वतःला थोडं थोडं पुसत गेलो, हे लक्षात आल्यावर सगळे फाडले. हा सातवा, खाडाखोडीसकट पाठवतो आहे.

तू लिहिलंस ते सगळं बरोबर आहे. १० नोव्हेंबरला मला माहीत नव्हतं. माफीपत्राचं वाक्य मी भाऊजींना सांगितलं ते चांगल्या मनाने, कारण तेव्हा मलाही वाटत होतं की त्यांच्याच हातून काहीतरी झालं. ते नवखे होते, दोन बोटांनी टाइप करायचे. मोठे साहेब तेव्हा कारकून होते. ‘तात्पुरत्या फायली कोणाकडे’ हा प्रश्न पहिल्यांदा तेव्हाच काढला होता त्यांनी.

१९ तारखेला मी झाडू पाहिला आणि काय झालं ते कळलं. उठून तेव्हाच्या साहेबांच्या केबिनकडे गेलो. दाराशी दोघं बोलत होते. एक म्हणाला, “फिनाईल आहे म्हणून सर्व्हर तरी स्वच्छ आहे.” मी तसाच परत फिरलो. बास, एवढंच झालं. घाबरण्यासारखं कोणी काही म्हटलं नव्हतं. फार तर माझी वेतनवाढ थांबली असती. पण मला स्वतःवर डाग पडलेला सहन होत नाही, तो मी भाऊजींच्या अंगाला पुसला. आज एक ओळ घालू, उद्या बोलू, असं ठरवलं. उद्याची बावीस वर्षं झाली.

ताई विचारायची तेव्हा मी बसलेलो असायचो, हेही खरं आहे. वर्तमानपत्राचंही खरं आहे.

तुला त्या पेढीत लावलं ते भरपाई म्हणून. म्हटलं, त्या घरातलं कोणीतरी त्या खुर्चीवर ताठ मानेने बसेल. झाडू तिथेच चालू आहे हे मी विसरलो नव्हतो. काढून टाकायचा तर कोणीतरी विचारलं असतं, का काढला? आणि तुझं पहिलं पत्र आल्यावरही मी तुला रस्ता बदलायला सांगितला, म्हणजे तू सुटशील आणि मीही. तू सुटली नाहीस तेव्हा तुलाही तेच वाक्य पाठवलं. ते लिहिताना मला कसलीही किळस वाटली नाही, हे मात्र मला आता राहून राहून छळतं.

सोबत दोन कागद आहेत. एक साहेबांच्या नावे, ओळीनिहाय खुलासा आणि माझी सही. दुसरा भाऊजींच्या नावे. तो तू आधी वाच, मग त्यांना द्यायचा की नाही ते तूच ठरव. ८ तारखेला अकराच्या आत मी तिथे असेन. बसने येईन.

मामा

*

१६ जुलै

पूर्वी तुला शालकबुवा म्हणून चिडवायचो. आज मायना सुचत नाही, तेव्हा तसंच लिहितो.

पोरीने तुझा कागद मला दिला आणि समोर बसून राहिली. मी तो चार वेळा वाचला. तू ८ तारखेला गेलास, खुर्चीवर रुमाल अंथरायला विसरलास आणि तासभर सगळं सांगितलंस, हे तिच्याकडून कळलं. साहेबांनी सगळं ऐकून शेवटी विचारलं म्हणे, “ते सगळं ठीक आहे हो, पण मग फाइल आहे कुठे?” पोरगी घरी येऊन मला हे सांगताना इतकी हसली की तिला ठसका लागला. तिच्यावरचा ठपका मागे घेतलाय. हजेरीत अजून ‘तात्पुरती’च आहे, पण आहे. झाडू तिने स्वतःच्या हाताने बंद केला.

माझं काय, असं तू तिथे विचारलंस, तेही कळलं. माझ्या चौकशीची कागदपत्रं मुदत संपली म्हणून नष्ट केलीत, असं ते म्हणाले. म्हणजे आता मला निर्दोष ठरवायचं तर ते लिहायला फाइलच नाही. हे ऐकून मलाही हसू आलं.

आता तुला एक सांगतो, ते पोरीला सांगितलेलं नाही. तू दिलेलं ते वाक्य मी तेव्हा नुसतंच लिहिलं होतं. पण पुढे रोज त्याचा विचार करत गेलो आणि मला आठवायला लागलं. दुपारची वेळ, डाव्या हाताची करंगळी, कुठल्या बटणावर पडली तेसुद्धा. आवाज आठवतो. हे कधी झालंच नाही असं तू आता लिहितोस, आणि तरी मला ते आठवतं. पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात अठरा वर्षं काढली, कारण तिथे पुसण्यासारखं काही नव्हतं. तुझ्या ताईला ती मरताना “असेल” म्हणालो ते तिची समजूत काढायला नव्हे. मला खरंच तसं वाटत होतं.

मला तुझी किळस यायला हवी. पोरीला येते. मला अजून नीट येत नाहीये, येईल तेव्हा कळवीन. तोपर्यंत तू इकडे येऊ नकोस.

काल चार माणसं घरी आली होती, त्यांच्यासमोर मी उठून दिवा लावला. कोणाच्या लक्षातही आलं नाही.

तुझा कागद मी कपाटात ठेवलेला नाही. जेवणाच्या टेबलावर उघडाच ठेवलाय, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा. त्याला आठ दिवस झाले. आमच्या घरात कोणी ठेवलेली वस्तू कोणी टाकत नाही.